लूपमधली पाचही बटणं शेवटचाच आकडा का छापतात?

प्रश्न थोडक्यात असा: पायथनमध्ये टीकिंटर (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरून लूपमध्ये पाच बटणं बनवली. प्रत्येकाने आपापला क्रमांक छापायचा होता, पण कुठलंही दाबा, ४ च छापलं जातं. कुठेतरी वाचून लॅम्डामध्ये (जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनमध्ये) ‘आय=आय’ लिहिलं, तर चाललं. मित्र म्हणतो, जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल जाहीर करताना ‘व्हार’ काढून ‘लेट’ लिहिलं की हेच दुखणं बरं होतं. मग क्लोजर, म्हणजे बाहेरची व्हेरिएबलं वापरणारं आतलं फंक्शन, नेमकं पकडतं काय? आणि दर भाषेत औषध वेगळं का?

कोड देवनागरीत लिहितो, फोनवर एकमेकांना वाचून दाखवतो तसा:

फॉर आय इन रेंज(५):
    बटण(कमांड=लॅम्डा: प्रिंट(आय))

बहुतेकांची समजूत अशी असते की लॅम्डा बनला त्या क्षणी आयची तेव्हाची किंमत त्याच्या पोटात गेली. पहिल्याच्या पोटात ०, दुसऱ्याच्या पोटात १. तसं होत नाही. लॅम्डा बनताना त्याच्या आतली ओळ चालतच नाही, त्यामुळे आय वाचायची वेळच येत नाही. लॅम्डाला एवढंच ठाऊक असतं की आय नावाची एक पाटी अमुक खुंटीला टांगलेली आहे. पाटीवर काय लिहिलंय ते तो बटण दाबल्यावर वाचतो. तोवर लूपने तीच पाटी पुसून पुसून १, २, ३ आणि शेवटी ४ लिहून ठेवलेलं असतं.

लॅम्डा पाच, पाटी एक. तुमचा बग तो एवढाच.

पुरावा हवा असेल तर जावास्क्रिप्टमध्ये व्हार वापरून आणि सेटटाइमआउट (म्हणजे ‘हे थोड्या वेळाने चालव’) लावून हाच लूप चालवा. तिथे पाच वेळा ५ छापलं जाईल, ४ नाही. तिथला लूप ‘आय ५ पेक्षा लहान आहे का’ असं दर फेरीला विचारतो आणि आय स्वतः ५ झाल्यावर थांबतो. पायथनचा रेंज ४ हातात देऊन संपतो, पुढे पाटीला कोणी हात लावत नाही. लूप संपल्यावर पाटीवर जे राहिलं तेच दोन्हीकडे छापलं गेलं. आयची किंमत आधीच पोटात गेली असती, तर दोन भाषांच्या उत्तरात हा एकाचा फरक पडायचं कारणच नव्हतं.

‘क्लोजर किंमतीची प्रत घेतं’ ही समजूत मोडायला मी नव्या मुलांना नेहमी हे लिहायला लावतो:

डेफ मोजणी():
    न = ०
    डेफ वाढव():
        नॉनलोकल न
        न = न + १
    डेफ दाखव():
        रिटर्न न
    रिटर्न वाढव, दाखव

(जाता जाता: पायथन ३ मध्ये मोजणी, वाढव, दाखव ही नावं खरोखरच देवनागरीत चालतात. डेफ, रिटर्न वगैरे मात्र रोमनमध्येच लिहावे लागतात. कोडमध्ये थेट ५ लिहिलेला चालत नाही, पण अवतरणातला ‘५’ इंट फंक्शनला दिला तर ते मुकाट्याने आकडा करून देतं.)

‘नॉनलोकल न’ म्हणजे हा न माझा नाही, बाहेरच्या फंक्शनचा. मोजणी एकदा बोलवा आणि मिळालेली दोन फंक्शनं घ्या. वाढव तीनदा चालवा, मग दाखव चालवा. ३ येतं. दोघांकडे प्रती असत्या तर दाखवने ० दाखवलं असतं. म्हणजे दोघं एकाच पाटीकडे बघतायत. आता मोजणी पुन्हा एकदा बोलवा. नवी जोडी मिळाली, आणि तिचं दाखव ० पासून सुरू होतं, पहिल्या जोडीच्या ३ शी त्याचा संबंध नाही. मोजणी दोनदा चाललं, म्हणून पाट्या दोन झाल्या.

यातून जो प्रश्न निघतो तो मी गेली कित्येक वर्षं स्वतःला विचारत आलोय: पाट्या किती, आणि नवी पाटी कधी टांगली जाते? क्लोजरचं वागणं जवळपास सगळ्या भाषांत सारखंच आहे, ते पाटी धरतं. भाषा वेगळ्या होतात त्या पाट्यांच्या हिशेबात.

हा हिशेब मी फुकट शिकलो नाही. २०१३ च्या सुमारास एका पतसंस्थेसाठी हप्त्याची आठवण करून देणारे एसएमएस पाठवायची छोटी व्यवस्था नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहिली होती. सभासदांच्या यादीवर लूप. लूपच्या आत पहिलीच ओळ ‘व्हार सभासद = यादी[आय]’. मग डेटाबेसला त्याची थकबाकी विचारायची, आणि उत्तर आलं की कॉलबॅकमध्ये सभासद.फोन या नंबरवर तो आकडा पाठवायचा. व्हेरिएबल लूपच्या महिरपी कंसात लिहिलंय म्हणजे ते त्या फेरीपुरतंच, असं मी गृहीत धरलं, कारण त्याआधीची माझी सगळी वर्षं जावात गेली होती आणि तिथे ते तसंच असतं. जावास्क्रिप्टचा व्हार कुठेही लिहा, पाटी टांगली जाते ती फंक्शनच्या दारावर. ४७ फेऱ्या झाल्या, ४७ कॉलबॅक रांगेत लागले, डेटाबेसकडून उत्तरं यायच्या आत लूप संपलेला. थकबाकीचे आकडे प्रत्येक उत्तरात आपापले आले, ते बरोबर होते. फोन नंबर मात्र पाटीवरून वाचला. यादीतल्या शेवटच्या सभासदाला पाच मिनिटांत ४७ एसएमएस गेले, प्रत्येकात वेगळी थकबाकी, त्यातली ४६ दुसऱ्यांची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ फोन घेऊन काउंटरवर उभे होते. शांत होते बिचारे, एवढंच विचारत होते की यातली माझी कुठली.

माझ्या मशीनवर चाचणीला एकच सभासद होता, त्यामुळे तिथे सगळं व्यवस्थित चाललं होतं.

लेट यायला तेव्हा दोन वर्षं होती. उपाय होता तो लूपचं अंग एका वेगळ्या फंक्शनमध्ये नेऊन दर फेरीला ते बोलवायचं, म्हणजे मोजणीचीच युक्ती. फंक्शन ४७ दा चाललं की पाट्या ४७. २०१५ मध्ये एक्मास्क्रिप्टची (जावास्क्रिप्टच्या प्रमाणित नियमांची) सहावी आवृत्ती आली आणि लेट मिळालं. लेटची पाटी कंसाच्या आत टांगली जाते, त्यामुळे माझी ती ओळ आज नुसतं लेट लिहून बरोबर ठरेल. पण तुमचा मित्र ज्या फॉर लूपबद्दल सांगतोय, त्यात थोडी जास्त चलाखी आहे. फॉरच्या गोल कंसात ‘लेट आय = ०’ लिहिलं की भाषा दर फेरीच्या शेवटी नवी पाटी आणते, जुनीवरचा आकडा नवीवर उतरवून घेते आणि ‘आय++’ त्या नवीवर करते. जुनी पाटी, ज्या क्लोजरने ती धरली त्याच्याकडे, आकड्यासकट तशीच राहते. म्हणूनच ‘लेट आय’ ही ओळ लूपच्या वर काढून ठेवलीत तर दुखणं परत येतं. जादू लेट शब्दात नाही, पाटी कुठे टांगली यात आहे.

पायथनमध्ये लेट नाही आणि कंसही नाहीत. तिथे नवी पाटी मिळते ती फंक्शन चाललं तरच. इफ, फॉर, व्हाइल, विथ यांच्यासाठी पायथन नवी पाटी देत नाही. लूप संपल्यावरही आय जिवंत असतो, त्यात ४ सापडतो, ते त्यामुळेच.

हा चटका फक्त नवशिक्यांना बसतो असं वाटत असेल तर गो भाषेची गोष्ट ऐका. गोमध्येही लूपभर एकच पाटी असायची, आणि सगळ्यांना ‘एक्स := एक्स’ अशी वेड्यासारखी दिसणारी ओळ लूपच्या सुरुवातीला लिहायची सवय लागली होती. २०२० च्या फेब्रुवारीत लेट्स एन्क्रिप्टला, म्हणजे वेबसाइटना फुकट टीएलएस (सुरक्षित जोडणीची) प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेला, आपल्या गोमधल्या सर्व्हरमध्ये दोष सापडला. प्रमाणपत्र देण्याआधी, ज्या डोमेनची जुनी तपासणी शिळी झाली असेल, त्या प्रत्येकाची एक नोंद पुन्हा तपासायची असते. अर्जात अशी दहा डोमेन असतील तर सर्व्हर एकच डोमेन दहादा तपासत होता. कोणीतरी लूपच्या व्हेरिएबलचा पत्ता घेऊन साठवला होता. तिथे क्लोजर नव्हतं, पॉइंटर होता, पण पाटी तीच. ३०,४८,२८९ प्रमाणपत्रं या घोळात सापडली. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या १.२२ मध्ये गोने नियमच बदलला आणि दर फेरीला नवी पाटी द्यायला सुरुवात केली. चालू असलेल्या भाषेत असा बदल सहसा कोणी करत नाही. जुना कोड मोडू नये म्हणून तो बदल फक्त ज्यांच्या मॉड्यूल फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिलेली आहे त्यांनाच लागू होतो. सी-शार्पने हेच २०१२ मध्ये पाचव्या आवृत्तीत केलं होतं, पण फक्त फॉरईचसाठी, म्हणजे यादीतली एकेक वस्तू हातात देणाऱ्या लूपसाठी. साधा फॉर तिथे अजून जुन्याच पद्धतीने चालतो, आणि हे माहीत नसलेला एक तरी माणूस प्रत्येक टीममध्ये असतो.

जावाने हा प्रश्नच येऊ दिला नाही. तिथे लॅम्डा खरोखर किंमतीची प्रत घेतो. प्रत आणि मूळ यांत फरक पडून माणूस गोंधळू नये म्हणून व्हेरिएबल एकदा भरल्यावर बदलायचंच नाही, असा दम कंपायलर देतो. आधी ‘फायनल’ लिहावं लागायचं, २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून न लिहिता चालतं, पण बदललंत की एरर येतेच. यावर लोकांनी काढलेली पळवाट बघण्यासारखी आहे: एकाच घराचा अ‍ॅरे बनवायचा आणि त्या घरात हवं ते लिहीत राहायचं. अ‍ॅरेकडे बोट दाखवणारं व्हेरिएबल बदलत नाही, घरातला आकडा बदलतो. म्हणजे भाषेने पाटी दिली नाही तर लोकांनी बाजारातून आणली. सी-प्लस-प्लस आणि पीएचपी तुम्हालाच विचारतात, प्रत हवी की पाटी? सी-प्लस-प्लसमध्ये चौकोनी कंसात बरोबरचं चिन्ह घातलं तर प्रत, अँपरसँड घातला तर मूळ जागा. त्यात मेख अशी की पाटी जिवंत राहील याची हमी तिथे कोणी घेत नाही. फंक्शन संपलं, पाटी फेकली गेली, आणि तुमचं क्लोजर रिकाम्या खुंटीवरून कचरा वाचत बसतं.

आता ‘लेक्सिकल’ या शब्दाकडे येतो, कारण पाटी कुठे शोधायची हे त्याने ठरतं.

समजा सांगलीहून एका मुलाने नागपूरच्या मित्राला पत्र लिहिलं, ‘कागद काकांकडे आहेत, त्यांना विचार.’ कोणाचे काका? लिहिणाऱ्याचे. नागपूरच्या मित्राने पत्र हातात धरून स्वतःच्या काकांना विचारलं तर आपण त्याला खुळा म्हणू. लेक्सिकल स्कोप म्हणजे हेच: फंक्शनमध्ये एखादं नाव आलं आणि ते फंक्शनच्या स्वतःच्या घरात नसेल, तर ते फंक्शन जिथे लिहिलं गेलं तिथल्या घरात शोधायचं, तिथे नसेल तर त्याच्या बाहेरच्या घरात, असं करत अगदी ग्लोबलपर्यंत. डायनॅमिक स्कोप म्हणजे नागपूरकराची पद्धत. फंक्शन ज्याने बोलावलं त्याच्या घरात शोधायचं.

गंमत म्हणजे लिस्प या जुन्या भाषेची सुरुवात नागपूरकराच्या पद्धतीनेच झाली, तीही चुकून. लिस्प बनवणारे जॉन मॅकार्थी यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की जेम्स स्लेगल यांनी फंक्शनला फंक्शन देणारा एक प्रोग्राम लिहिला, तो बरोबर चालेना, आणि मॅकार्थींना वाटलं की किरकोळ बग आहे, सहकारी स्टीव्ह रसेल दुरुस्त करेल. रसेल यांनी तो दुरुस्त केलाही, पण त्यासाठी फंक्शनबरोबर त्याच्या जन्माच्या वेळचं वातावरण बांधून पाठवायची ‘फनआर्ग’ नावाची सोय शोधून काढावी लागली. किरकोळ म्हणून जे सोडून दिलं ते पुढे दहा-पंधरा वर्षं लोकांचं डोकं खात राहिलं. फंक्शनचा कोड आणि त्याचं वातावरण या जोडीला ‘क्लोजर’ हे नाव संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये दिलं. कोडमध्ये जी नावं मोकळी लोंबकळत असतात, त्यांना वातावरण जोडून तो कोड बंद करायचा, म्हणून क्लोजर. १९७५ मध्ये एमआयटीत जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी स्कीम ही लिस्पच्याच घराण्यातली भाषा बनवली आणि लेक्सिकल स्कोप हाच पाया धरला. ते खरं तर कार्ल हेविट यांची ‘अ‍ॅक्टर’ची (एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या स्वतंत्र घटकांची) कल्पना समजून घ्यायला एक खेळणं बनवत होते. फंक्शन बनवायचा आणि अ‍ॅक्टर बनवायचा असे दोन वेगळे मार्ग त्यांनी इंटरप्रीटरमध्ये लिहिले, आणि नंतर पाहिलं तर दोन्हीकडचा कोड सारखाच निघाला. क्लोजर आणि ऑब्जेक्ट ही एकाच मालाची दोन पाकिटं आहेत असं जुनी मंडळी म्हणतात, ते उगाच नाही. वरचं मोजणी बघा, न हा खाजगी डेटा, वाढव आणि दाखव या त्याच्या मेथड.

डायनॅमिक स्कोप मेलेला नाही. तुम्ही टर्मिनलमध्ये रोज वापरता त्या बॅशमध्ये तो आहे. बॅशच्या एका फंक्शनने ‘लोकल’ म्हणून ठेवलेलं व्हेरिएबल त्याने बोलावलेल्या दुसऱ्या फंक्शनला दिसतं, आणि दुसरं ते खुशाल बदलतं. मी एकदा दोन्ही फंक्शनांत आय वापरला होता, आतल्यात लोकल लिहायला विसरलो, आणि बाहेरचा लूप तीन फेऱ्यांतच संपला. ईमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्येही अनेक दशकं तेच होतं. २०१२ च्या २४.१ आवृत्तीपासून फाइलच्या पहिल्या ओळीत सांगून लेक्सिकल मागता येतं. पण त्या पद्धतीला मी वाईट म्हणणार नाही. लॉगची पातळी, चालू रिक्वेस्टचा क्रमांक, अशा गोष्टी दहा फंक्शनांतून हाताने खाली पोचवण्यापेक्षा ‘जो बोलावेल त्याच्याकडून घ्या’ हे सोयीचं पडतं. कॉमन लिस्पने म्हणून दोन्ही ठेवलं, नेहमीसाठी लेक्सिकल आणि मागितलं तर डायनॅमिक. पायथनमधल्या काँटेक्स्टव्हारचं कामही साधारण तेच.

पायथनमध्ये बाहेरची पाटी वाचणं आणि तिच्यावर लिहिणं यांत फरक आहे, आणि इथे तुम्ही पुढच्या महिन्यात अडकणार आहात, म्हणून आत्ताच सांगतो. वरच्या वाढवमधून ‘नॉनलोकल न’ ही ओळ काढा. ‘न = न + १’ वर अनबाउंडलोकलएरर येईल. फंक्शनमध्ये कुठेही एखाद्या नावाला किंमत दिली, की पायथन ते फंक्शन कंपाइल करतानाच ठरवून टाकतो की ही पाटी घरातली. मग चालताना उजव्या बाजूचा न वाचायला जातो तर घरातली पाटी कोरी. बाहेर न नावाची भरलेली पाटी आहे, पण तिकडे तो बघायलाच तयार नाही. किंमत देणारी ओळ फंक्शनच्या तळाशी असली तरी वरच्या ओळीतलं वाचन फसतं, त्यामुळे लोक चुकीच्या ओळीकडे बघत बसतात. नॉनलोकल हा शब्द पायथन ३.० मध्ये, २००८ साली आला. त्याआधी माणसं जावावाल्यांसारखा एका घराचा लिस्ट बनवायची. आणि त्याही आधी, २००१ च्या २.१ आवृत्तीपूर्वी, आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनची नावं दिसतच नव्हती. फक्त आपलं घर, मग थेट ग्लोबल आणि बिल्ट-इन. तुम्हाला सापडलेली ‘आय=आय’ ही युक्ती त्या काळातली आहे, बाहेरची किंमत आत न्यायचा तो तेव्हाचा रस्ता होता.

ती का चालते, हे आता सोपं आहे. आर्ग्युमेंटची डिफॉल्ट किंमत लॅम्डा बनताना मोजली जाते, लॅम्डा चालताना नाही. ‘लॅम्डा आय=आय’ मधला उजवा आय म्हणजे लूपची पाटी, ती त्याच क्षणी वाचली गेली. डावा आय म्हणजे लॅम्डाची स्वतःची पाटी. म्हणजे इथे तुम्ही हाताने प्रत काढलीत.

आणखी एक गोष्ट, जी चांगल्या जाणत्यांच्याही लक्षात येत नाही. तुमचा लूप फाइलमध्ये थेट लिहिलेला असेल, कुठल्याही फंक्शनच्या आत नसेल, तर तुमचे लॅम्डा मुळात क्लोजर नाहीतच. आय तिथे ग्लोबल आहे, आणि ग्लोबल नाव दर वेळी चालताना मॉड्यूलच्या डिक्शनरीत शोधलं जातं. लॅम्डाचं ‘__क्लोजर__’ छापून बघा, नन येईल. लूप एखाद्या फंक्शनमध्ये हलवा आणि पुन्हा छापा, आता एक ‘सेल’ दिसेल, त्यातलं ‘सेल_कंटेंट्स’ ४. सेल म्हणजे आपली पाटी, मेमरीत प्रत्यक्ष बघता येते ती. पाचही लॅम्डांचे सेल ‘इज’ने ताडून पाहा, एकच निघेल. पण ग्लोबलच्या अवस्थेत धोका जास्त आहे: त्याच फाइलमध्ये खाली कुठेतरी तुम्ही दुसऱ्या कामासाठी आय वापरून १२ पर्यंत मोजलंत, तर वरची पाचही बटणं १२ छापायला लागतील.

सेल का लागतो? साधारणपणे फंक्शनची व्हेरिएबलं स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालेपर्यंतच्या तात्पुरत्या जागेत, असतात आणि फंक्शन संपलं की ती जागा पुढच्याला जाते. अल्गॉल ६० मध्ये फंक्शनच्या आत फंक्शन होतं, लेक्सिकल स्कोपही होता, पण आतलं फंक्शन बाहेर परत देता येत नव्हतं, त्यामुळे स्टॅकवर भागायचं. आतलं फंक्शन बाहेर जाऊ लागलं की त्याने धरलेल्या पाट्या घर पाडल्यावरही टिकायला हव्यात, म्हणून त्या हीपवर, म्हणजे जास्त काळ टिकणाऱ्या मेमरीत, जातात आणि गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे न लागणारी मेमरी साफ करणाऱ्याच्या, हवाली होतात.

त्याची किंमतही मोजावी लागते. क्रोम आणि नोडमध्ये जे व्ही८ इंजिन आहे, ते एका फंक्शनच्या एका चालण्यात बनलेल्या सगळ्या क्लोजरना मिळून एकच पाट्यांचा संच देतं. एका क्लोजरने ५० एमबीचा बफर धरला आणि दुसऱ्याने फक्त एक छोटा आकडा, आणि पहिलं मरून दुसरं एखाद्या टायमरमध्ये जगत राहिलं, तर बफरही त्याच्यासोबत जगतो. हीप स्नॅपशॉटमध्ये एका निरुपद्रवी कॉलबॅकच्या मागे मोठा ढीग दिसला की मी आधी त्याचे सख्खे शेजारी कोण ते बघतो.

रिअ‍ॅक्टवाल्यांची (जावास्क्रिप्टमध्ये स्क्रीन बनवायची ती लायब्ररी) तक्रार नेमकी उलटी असते: ‘सेटइंटर्व्हलमध्ये काउंट कायम ० च दिसतो, स्क्रीनवर मात्र वाढतोय.’ हिशेब तोच लावा. कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा एक तुकडा, हे फंक्शन आहे, दर रेंडरला, म्हणजे तो तुकडा नव्याने काढताना, ते पुन्हा चालतं, म्हणून दर रेंडरला काउंटची नवी पाटी. तुमचा टायमर पहिल्या रेंडरमध्ये लागला, त्याने पहिली पाटी धरली, आणि तिच्यावर ० च लिहिलेलं आहे, कायमचं. तुम्हाला एकच पाटी असल्याचा त्रास झाला, त्यांना खूप पाट्या असल्याचा होतो. म्हणून तिथे यूजरेफ वापरतात, म्हणजे सगळ्या रेंडरना मिळून एकच पाटी.

तुमच्या बटणांसाठी मी काय लिहीन? लॅम्डाच्या जागी एक छोटं फंक्शन, जे क्रमांक घेतं आणि आतलं फंक्शन परत देतं. दोन ओळी जास्त होतात, पण वाचणाऱ्याला हेतू दिसतो. पायथनच्या फंकटूल्समधलं ‘पार्शल(प्रिंट, आय)’ ही चालेल, तेही किंमत तेव्हाच घेऊन ठेवतं. ‘आय=आय’ मी टाळतो, आणि त्याचं कारण तुम्हाला लवकरच भेटेल. टीकिंटरच्या कमांडला काहीच आर्ग्युमेंट येत नाही म्हणून ती युक्ती तिथे तगते. उद्या तुम्ही कमांड सोडून ‘बाइंड’ वापरलंत की टीकिंटर पहिलं आर्ग्युमेंट म्हणून इव्हेंट पाठवतं, ते थेट तुमच्या आयमध्ये जाऊन बसतं, आणि क्रमांकाच्या जागी इव्हेंटचं लांबलचक वर्णन छापलं जातं. पायक्यूटी या टीकिंटरसारख्याच दुसऱ्या लायब्ररीत तर बटणाचा क्लिक्ड सिग्नल ‘चेक्ड’ची किंमत पाठवतो, त्यामुळे पाचही बटणं फॉल्स छापतात. तिथे ‘आय=आय’ ठेवायचंच असेल तर त्याच्या आधी एक जागा सोडा: ‘लॅम्डा इ, आय=आय’.